स्टिअरिंग कपलिंगची ढिलाई : जुन्या गाडीत ती कशी शोधावी आणि कपलिंग कसे बदलावे

जुन्या गाडीचे स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवले आणि पुढची चाके जागची हलली नाहीत, तर गॅरेजमध्ये एकच शब्द ऐकू येतो : ‘प्ले आहे’. हा शब्द बरोबर आहे, पण अपुरा आहे. प्ले किती आणि कुठे, ही दोन उत्तरे मिळाल्याशिवाय पान्याला हात लावू नये. स्टिअरिंग व्हीलपासून रस्त्यावरच्या टायरपर्यंत सात-आठ सांधे असतात. त्यांपैकी कोणताही झिजलेला असला तरी हाताला लक्षण एकच जाणवते. या टिपणात आपण त्यांपैकी एका सांध्याकडे, म्हणजे स्टिअरिंग शाफ्ट आणि स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणाऱ्या लवचीक कपलिंगकडे, पाहणार आहोत. उदाहरणासाठी फोक्सवॅगन बीटल घेतली आहे. तिची रचना उघडी आणि समजायला सोपी आहे, आणि २००३ पर्यंत मेक्सिकोत तिचे उत्पादन चालू असल्याने सुटे भाग अजून मिळतात.

कपलिंग कशासाठी असते?

शाफ्ट थेट बॉक्सला जोडला तर काय बिघडेल, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे, शाफ्टचा वरचा आधार बॉडीवर असतो आणि बॉक्स पुढच्या अ‍ॅक्सलवर किंवा चॅसीवर. गाडी खड्ड्यातून गेली की हे दोन आधार एकमेकांच्या तुलनेत थोडे हलतात. शाफ्ट ताठ असेल तर दर फेरीला तो वाकवला जातो आणि काही वर्षांनी धातू थकून त्याला तडा जातो. दुसरी म्हणजे, रस्त्याचे हादरे थेट हाताला पोचतात. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. समोरून धडक बसली तर बॉक्स मागे ढकलला जातो आणि ताठ शाफ्ट भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेली दोन सुरक्षा मानके, क्रमांक २०३ आणि २०४, याच धोक्यासाठी आहेत. त्यांनंतर दबून आखूड होणारे स्टिअरिंग कॉलम रूढ झाले. कपलिंग एकटे हे काम करत नाही, पण शाफ्टची सलग ताठ रेषा जिथे तोडलेली असते त्या जागांपैकी ती एक आहे.

बीटलमधले कपलिंग म्हणजे रबर आणि कापडाच्या थरांची, हाताच्या तळव्यात मावेल एवढी एक चकती. तिला चार भोके असतात. वरच्या शाफ्टच्या फ्लँजचे दोन बोल्ट समोरासमोरच्या दोन भोकांत बसतात आणि बॉक्सकडच्या फ्लँजचे दोन बोल्ट उरलेल्या दोन भोकांत. म्हणजे दोन्ही फ्लँज एकमेकींना काटकोनात असतात आणि त्यांचा एकमेकींशी थेट स्पर्श होत नाही. चालकाने दिलेला पीळ बोल्टमधून चकतीत जातो आणि चकतीतून ९० अंशांवरच्या शेजारच्या बोल्टमध्ये. स्टिअरिंग उजवीकडे वळवताना चकतीचे दोन चतुर्थांश भाग ताणले जातात आणि दोन दाबले जातात. डावीकडे वळवताना हे उलटे होते. म्हणूनच जुन्या चकतीची भोके एका बाजूला न झिजता दोन्ही बाजूंना लांबट होतात. काढलेली चकती उजेडात धरून पाहा, हा लांबटपणा स्पष्ट दिसतो.

जर्मनीत अशा चकतीला हार्डीशायबे म्हणतात, तर इटालियन गाड्यांच्या प्रॉपेलर शाफ्टवरच्या जाड रबर कपलिंगला जिउबो. जिउबो हे ‘जुंतो बॉस्की’चे, म्हणजे बॉस्कीच्या सांध्याचे, लघुरूप आहे. पिरेली कंपनीतले अभियंते अँटोनिओ बॉस्की यांच्यावरून ते पडले. (याच बॉस्कींनी जमवलेल्या चित्रांचे संग्रहालय मिलानमध्ये आहे. रबराच्या सांध्यामुळे नाव राहिलेला चित्रसंग्राहक विरळाच.)

सगळ्या जुन्या गाड्यांत रबराची चकतीच असते असे मात्र नाही. पुण्यात १९९५ पासून जुळवल्या गेलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ मालिकेतल्या गाड्या आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत. या घराण्याच्या गाड्यांमध्ये धातूच्या कपलिंगमधले प्लास्टिकचे बुश झिजतात. वस्तू वेगळी असली तरी तपासणीची पद्धत तीच आहे. ज्या गाडीत शाफ्टचा कोन मोठा आहे तिथे चकती चालत नाही, कारण ती काही अंशच वाकू शकते. तिथे युनिव्हर्सल जॉइंट लागतो. त्याची अडचण अशी की आत फिरवण्याचा वेग एकसारखा असला तरी बाहेर निघणारा वेग तसा नसतो. शाफ्टमधला कोन २० अंश असेल तर बाहेरचा वेग आतल्या वेगाच्या ०.९४ पट ते १.०६ पट असा दर फेरीत दोनदा वरखाली होतो (कोसाइन २० अंश, आणि एक भागिले कोसाइन २० अंश). दोन जॉइंट योग्य फेजमध्ये बसवले तर हा चढउतार एकमेकांत जिरतो. चुकीच्या फेजमध्ये बसवले तर तो वाढतो, आणि चालकाला स्टिअरिंग एका जागी जड व दुसऱ्या जागी हलके लागते.

एक मिलिमीटरचे किती होतात?

समजा, चकतीच्या बोल्टांचे केंद्र शाफ्टच्या मध्यापासून ३५ मिमी अंतरावर आहे आणि स्टिअरिंग व्हीलचा व्यास ४०० मिमी, म्हणजे त्रिज्या २०० मिमी आहे. बोल्टपाशी १ मिमी ढिलाई असेल तर कोन होतो १ भागिले ३५, म्हणजे ०.०२८६ रेडियन किंवा १.६ अंश. व्हीलच्या कडेला तीच ढिलाई २०० गुणिले ०.०२८६, म्हणजे ५.७ मिमी दिसते. भोके ३ मिमी लांबट झाली की कडेला १७ मिमी प्ले येतो. तळव्याएवढ्या चकतीची झीज हाताला इतकी मोठी का वाटते, त्याचे उत्तर या २०० भागिले ३५ मध्ये आहे.

आता बोल्टवर येणारे बल पाहू. चालत्या गाडीत व्हीलच्या कडेला एकूण ६० न्यूटन बल लावले तर पीळ १२ न्यूटन-मीटर होतो. तो दोन बोल्टांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येकावर १२ भागिले (२ गुणिले ०.०३५), सुमारे १७० न्यूटन. पण उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना कडेला १५० न्यूटन सहज लागतात. पीळ ३० न्यूटन-मीटर होतो आणि प्रत्येक बोल्टवर सुमारे ४३० न्यूटन, म्हणजे अडीच पट. आमच्या रायपुरात गुढियारीसारख्या दाट वस्तीत गाडी गल्लीतून काढायची तर जागेवरच चाके वळवावी लागतात. हमरस्त्यावर शेकडो किलोमीटर चालण्याने जेवढी झीज होत नाही तेवढी अशा वळवण्याने होते, हे या आकड्यांवरून समजते. गाडी किंचित सरकती ठेवून स्टिअरिंग वळवावे ही जुन्या चालकांची सवय यांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. त्यात उन्हाळ्यात ४४-४५ अंशांची उष्णता आणि गळक्या बॉक्समधून चकतीवर उतरणारे तेल यांची भर पडली की रबर आधी फुगते, मग भेगाळते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टिअरिंगविषयी आहे. त्यानुसार व्हीलवर मोजलेली ढिलाई ३० अंशांहून अधिक नसावी, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात, आणि जिथे बोल्ट किंवा पिना आहेत तिथे त्या नीट लॉक केलेल्या असाव्यात. शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पण ३० अंश म्हणजे नक्की किती? ४०० मिमी व्यासाच्या व्हीलवर हे अंतर होते जवळपास १०५ मिमी. स्टिअरिंगचे गुणोत्तर १५ धरले तर चाकांवर ते २ अंश होतात. बीटलचा व्हीलबेस २.४ मीटर आहे. २ अंश म्हणजे ०.०३४९ रेडियन, म्हणून वळणाची त्रिज्या २.४ भागिले ०.०३४९, सुमारे ६९ मीटर. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. एका सेकंदात ती सरळ रेषेपासून किती सरकेल? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट : २७८ भागिले १३८, म्हणजे २ मीटर. (टायर घसरत नाही, खड्ड्याने चाके ढिलाईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलली, आणि चालकाने त्या सेकंदात काहीच केले नाही, असे गृहीत धरले आहे.) साडेतीन मीटरच्या लेनमध्ये मधोमध चाललेल्या बीटलच्या दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मीटर जागा असते. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत बसणारी गाडी एका सेकंदात समोरून येणाऱ्या वाहनाच्या लेनमध्ये जाऊ शकते.

हेच गणित कडेला १० मिमी ढिलाई धरून करा. सरकणे २० सेंटिमीटरच्या आत येते. वेग निम्मा केला तर सरकणे चौथाई होते, कारण वेगाचा वर्ग आहे. मोहल्ल्यात ‘ठीक चालते’ वाटणारी गाडी हमरस्त्यावर घाबरवते ती यामुळे. ३० अंश ही गाडी रस्त्यावर येऊच न देण्याची सीमा आहे, दुरुस्ती कधी करावी याचे ते मोजमाप नव्हे. माझ्या मते सरळ स्थितीत कडेला २० मिमीच्या वर प्ले दिसला की शोध सुरू करावा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याहून कमी आकडा असेल तर तो पाळावा.

ढिलाई कुठे आहे ते शोधणे

या तपासणीला दोन माणसे लागतात, हत्यार जवळजवळ लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चाके जमिनीवर आणि सरळ. चाके जॅकवर उचलू नका, कारण मग चाके मोकळी फिरतात आणि सांध्यांवर भार येत नाही. व्हीलच्या कडेला चिकटपट्टी लावा, तिच्यासमोर डॅशबोर्डवर पेन्सिलीची खूण करा. एकाने व्हील अगदी हळू, एकाच दिशेने फिरवायचे. दुसऱ्याने खाली पाहायचे आणि कोणता भाग कधी हलायला लागतो ते ओरडून सांगायचे.

नमुन्यादाखल अशी नोंद धरा. व्हीलची कडा एका टोकापासून फिरू लागली आणि कपलिंगची वरची फ्लँज लगेच हलली. खालची फ्लँज हलली तेव्हा कडा १७ मिमी सरकली होती. बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म २२ मिमीला हलला आणि चाक ३० मिमीला. म्हणजे कपलिंगचा वाटा १७ मिमी, बॉक्सचा ५ आणि टाय रॉडच्या बॉल जॉइंटांचा ८. इथे कपलिंग बदलणे योग्य आहे, पण त्यानंतरही १३ मिमी उरणार हे मालकाला आधीच सांगा. उलट खालची फ्लँज ४ मिमीलाच हलली असती, तर नवी चकती आणून पैसे वाया गेले असते. बॉक्सचा स्क्रू आवळून सगळा प्ले घालवण्याचा मोह तर टाळायलाच हवा. बॉक्स गरजेपेक्षा घट्ट झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि आतला वर्म खराब होतो.

एक फरक डोक्यात पक्का असू द्या. रबर पिळले जाणे म्हणजे प्ले नव्हे. पीळ आणि कोन यांचा आलेख काढला तर चांगल्या चकतीत तो शून्यापासूनच चढतो : थोडा पीळ, थोडा कोन. झिजलेल्या चकतीत शून्याभोवती सपाट भाग दिसतो, जिथे कोन बदलतो पण पीळ लागतच नाही. हा सपाट भाग म्हणजे प्ले. उभ्या गाडीत जोर लावून ‘बघा, फ्लँज मागे राहते’ असे म्हणणारा बहुतेक वेळा चांगल्या रबराची लवचीकता पाहत असतो. म्हणून हळू फिरवायचे आणि बोटभर जोराने फिरवायचे. चकतीला भेगा असतील, थर सुटले असतील किंवा तेलाने ती मऊ पडली असेल, तर मात्र प्ले मोजत न बसता बदला.

चकती बदलताना

बीटलमध्ये कपलिंग पेट्रोलच्या टाकीखाली, गाडीच्या नाकाशी असते. खालून हात पोचतो, पण नीट दिसत नाही. टाकी चार बोल्ट सोडून काढली तर काम सोपे होते. टाकी आधी रिकामी करा, आणि त्याही आधी बॅटरीची ऋण तार काढा. बॅटरी मागच्या सीटखाली आहे, इथे नाही, म्हणून हे विसरले जाते. पेट्रोलच्या वाफेशेजारी हॉर्नच्या तारेची ठिणगी कोणालाच परवडणारी नाही.

व्हील आणि पुढची चाके दोन्ही सरळ करा. वरची फ्लँज, चकती आणि खालची फ्लँज यांवर एका रेषेत पांढऱ्या रंगाची खूण ओढा. शाफ्ट आणि फ्लँज यांच्या जोडावरही खूण करा. यामागचे कारण समजून घ्या. वर्म आणि रोलर प्रकारचा बॉक्स मुद्दामच मध्यभागी सर्वांत घट्ट आणि कडांना थोडा सैल बनवलेला असतो, कारण गाडी बहुतांश वेळ सरळ चालते. समजा, फ्लँज दात्यांच्या शाफ्टवर बसते आणि दाते ३६ आहेत. एक दाता चुकला की १० अंशांचा फरक पडतो. व्हील तिरके दिसते, मग ते सरळ दिसावे म्हणून कोणीतरी बॉक्स मध्यापासून हलवून टाय रॉड कमीजास्त करतो. आता गाडी सरळ चालताना बॉक्स त्याच्या सैल भागात असतो आणि वळणावर अडतो. नवी चकती बसवूनही प्ले राहिला अशी तक्रार घेऊन मालक परत येतो, आणि दोष चकतीचा नसतो.

क्लॅम्पचा बोल्ट नुसता ढिला करू नका, पूर्ण काढा. पुष्कळ गाड्यांत तो शाफ्टवरच्या आडव्या खाचेतून जातो. तो काढल्याशिवाय फ्लँज सरकत नाही, आणि परत बसवताना तो खाचेतूनच गेला पाहिजे, म्हणजे क्लॅम्प सैल झाला तरी शाफ्ट निसटत नाही. अडकलेल्या फ्लँजवर हातोडा मारू नये. तो धक्का थेट बॉक्सच्या बेअरिंगवर जातो. गंज सोडवणारे तेल टाकून वाट पाहा आणि क्लॅम्पची फट पेचकसाने किंचित फाकवा.

नवी चकती निवडताना दोन गोष्टी तपासा. ‘मूळ कंपनीचा जुना, न वापरलेला भाग’ ऐकायला छान वाटतो, पण रबर डब्यातही म्हातारे होते. तीस वर्षे पडून राहिलेली चकती वाकवून पाहा, कडेला बारीक भेगा उमटल्या तर ती नको. दुसरी गोष्ट पॉलियुरेथेनच्या चकत्यांची. त्या तेलाला दाद देत नाहीत, टिकतात, आणि स्टिअरिंग तडफदार लागते. पण त्या कडक असल्याने रस्त्याचा थरथराट हातात येतो आणि वरच्या बेअरिंगला तो सोसावा लागतो. रोजच्या खडबडीत रस्त्यासाठी मी रबर-कापडाचीच घेईन.

बोल्ट आणि नट नवेच घ्या, आणि त्यांची प्रत मूळ बोल्टाइतकी असावी. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट म्हणजे ८०० मेगापास्कल ताणशक्ती आणि तिच्या ८० टक्क्यांवर येणारा यील्ड बिंदू. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारा बिनखुणेचा बोल्ट इथे चालणार नाही. लॉकिंगची पद्धत मूळची ठेवा : कॉटर पिन असेल तर नवी कॉटर पिन, वळवायची पट्टी असेल तर नवी पट्टी. नियम ९८ मधली लॉकिंगची अट इथे कामी येते. घट्टपणाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. चकती दोन फ्लँजमध्ये सपाट बसली पाहिजे. ती बशीसारखी वाकलेली दिसली तर शाफ्ट वर किंवा खाली सरकवून अंतर जुळवा. वाकलेल्या स्थितीत आवळलेली चकती पहिल्या दिवसापासून भाराखाली राहते.

आता हॉर्न. रबर विजेचे वाहक नाही. बऱ्याच बीटलमध्ये हॉर्नच्या मंडलाचा अर्थ स्टिअरिंग शाफ्टमार्गे जातो, आणि चकतीला वळसा घालणारी एक छोटी तार दोन्ही फ्लँजना जोडते. ती परत लावली नाही तर हॉर्न वाजत नाही आणि विद्यार्थी फ्यूज शोधत बसतात.

दोन जुगाड आणि त्यांचे विश्लेषण

भाग मिळत नाही म्हणून रस्त्यालगत दोन उपाय केले जातात. पहिला म्हणजे जुन्या टायरमधून कापलेली चकती. टायरमधले धागे किंवा तारा ठरावीक दिशांनीच जातात. त्यामुळे अशा चकतीचे चारही चतुर्थांश सारखे ताठ नसतात, आणि भोक पाडताना तुटलेल्या तारांची टोके बोल्ट घासत राहतात. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही फ्लँज वेल्डिंगने जोडून टाकणे. प्ले ताबडतोब शून्य होतो आणि मालक खूश होतो. पण सुरुवातीला सांगितलेली तिन्ही कामे एका वेल्डिंगने पुसली जातात, आणि उष्णतेने ठिसूळ झालेल्या जागीच दर फेरीचा वाकवणारा भार येतो. झिजलेली चकती महिनोन् महिने प्ले वाढवत सूचना देते. वेल्डिंगचा जोड काहीही न कळवता तुटतो. काही अमेरिकन गाड्यांच्या कपलिंगमध्ये फ्लँजला धातूच्या दोन पिना असतात आणि समोरच्या फ्लँजला खाचा. रबर फाटले तरी पिना खाचेत अडतात, स्टिअरिंग प्रचंड ढिले होते पण तुटत नाही. अशा पिना ‘मध्ये येतात’ म्हणून कापून टाकल्याचे दिसले तर ती गाडी चालवत नेऊ नका.

मूळपणाची काळजी करणाऱ्या मालकासाठी एक माहिती. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी तिच्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. झीज होणारा भाग तशाच भागाने बदलणे हा यात फेरफार ठरत नाही. मात्र असे वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही.

काम झाल्यावर चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहा. शाफ्ट, तार किंवा ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना, आणि दोन्ही बाजूंना फेऱ्या सारख्या होतात ना, ते मोजा. चिकटपट्टी आणि पेन्सिलीची तीच चाचणी पुन्हा करून नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, कमी वेगाने घ्या. शंभरेक किलोमीटरनंतर नवे रबर बोल्टांखाली थोडे दबते, तेव्हा चारही बोल्टांचा टॉर्क एकदा परत तपासा. त्यासाठी लॉक काढावे लागले तर त्या वेळी कॉटर पिन पुन्हा नवी घाला.